जागतिक रॅली मालिका: ओसरली का, आणि २०२७ नंतर काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, रॅली म्हणजे नक्की कुठली?

झेंडे लावून भोंगे वाजवत शहरातून फिरणारी मोटारसायकल रॅली नव्हे. इथे विषय स्टेज रॅलीचा आहे. रहदारीला बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्यावर, म्हणजे स्टेजवर, गाड्या एकेक करून सुटतात. दोन गाड्यांत साधारण दोन ते चार मिनिटांचं अंतर असतं. शर्यत घड्याळाशी असते आणि सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज ज्याची कमी, तो जिंकतो. चालकाशेजारी नॅव्हिगेटर बसतो आणि आधी लिहून घेतलेल्या नोट्स वाचत पुढची वळणं सांगतो. एका स्टेजहून दुसरीकडे जाताना हीच गाडी नंबरप्लेट लावून, सिग्नल पाळून, साध्या रस्त्याने जाते. जागतिक मालिका १९७३ साली सुरू झाली. चालकांचं अधिकृत विजेतेपद १९७९ पासून दिलं जातं.

खेळ खरंच उतरणीला लागलाय, की हे जुन्या मंडळींचं नेहमीचं रडगाणं?

दोन्ही. पण रडगाण्यात तथ्य आहे, फक्त रोगाचं नाव चुकीचं घेतलं जातं.

'पूर्वीसारखा वेग राहिला नाही' हे सपशेल खोटं. २०२५ ची फिनलंड रॅली मालिकेच्या इतिहासातली सर्वांत वेगवान ठरली. कॅले रोव्हानपेराने ती ताशी १२९.९५ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली, तीही जंगलातल्या उड्या मारायला लावणाऱ्या मुरमाच्या रस्त्यांवर. त्याच रॅलीच्या निकालात मात्र पहिल्या पाचही गाड्या टोयोटाच्या होत्या. त्या वर्षी १४ पैकी १२ फेऱ्या, म्हणजे मालिकेतल्या रॅली, टोयोटाने जिंकल्या. वेग भरपूर आहे, पण त्या वेगाला टक्कर द्यायला कुणी उरलेलं नाही.

१९९९ साली टोयोटा, सुबारू, मित्सुबिशी, फोर्ड, प्यूजो, सेआट आणि स्कोडा असे सात संघ उत्पादकांच्या स्पर्धेत होते. आज वरच्या वर्गात तीनच संघ आहेत: टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या गाड्या चालवणारी एम-स्पोर्ट ही ब्रिटनमधली खासगी कंपनी. एका फेरीला वरच्या वर्गाच्या जेमतेम आठ ते बारा गाड्या सुटतात. त्यांतली एक झाडावर गेली आणि दुसरीचा सस्पेन्शन आर्म तुटला की शनिवार दुपारपर्यंत चुरस संपते. उरलेल्या गाड्या मग एकमेकांपासून अर्धा-पाऊण मिनिट अंतर राखून शेवटाकडे चालत राहतात.

कंपन्या सोडून का गेल्या?

प्रत्येकीचं कारण वेगळं. सुबारू आणि सुझुकी २००८ च्या डिसेंबरमध्ये, जागतिक मंदीत, एकाच आठवड्याच्या आगेमागे गेल्या. फोक्सवॅगनने २०१३ ते २०१६ सलग चार वर्षं उत्पादकांचं विजेतेपद मिळवलं आणि २०१७ ची नवी पोलो तयार असताना, डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीतल्या फसवणुकीचा भार अंगावर आल्यावर, गाशा गुंडाळला. सित्रोएन २०१९ च्या अखेरीस तिचा मुख्य चालक सेबास्तियाँ ओजिए संघ सोडून गेल्यावर थांबली.

कारणं वेगळी असली तरी मागचा हिशोब एकच असतो. संचालक मंडळाला तीन प्रश्न पडतात: खर्च किती, त्यातून गाड्या किती विकल्या जातात, आणि हे लोकांना दिसतं कुठे? रॅलीला पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची लाज वाटते आणि उरलेल्या दोनांची उत्तरं देता येत नाहीत. प्रसारणाची घडी तर २०१२ च्या तोंडावर पुरती विस्कटली होती. तेव्हाच्या प्रवर्तक कंपनीचा, म्हणजे मालिकेचं प्रसारण आणि जाहिरात सांभाळणाऱ्या कंपनीचा, मालक बँक प्रकरणात अडकला, कंपनी बुडाली, आणि अख्खा हंगाम प्रवर्तकाविना काढावा लागला. तेव्हा तुटलेली प्रेक्षकांची सवय अजून पूर्ण जुळलेली नाही.

रॅली१ वर्गाची गाडी इतकी महाग का?

रॅली१ म्हणजे मालिकेचा सर्वांत वरचा वर्ग. २०२२ पासूनची ही गाडी दहा लाख युरोच्या आसपास धरली जाते. शोरूमच्या गाडीचा सांगाडा तिच्यात नसतोच. पोलादी नळ्यांचा पिंजरा नव्याने जोडायचा आणि वर मूळ गाडीच्या आकाराचं कवच चढवायचं, अशी ती बांधणी. इंजिन १.६ लिटर टर्बोचं, पण खास शर्यतीसाठी घडवलेलं. गीअरबॉक्स पाच गीअरचा, पुढे-मागे खेचून बदलायचा.

खरा पैसा जातो सस्पेन्शन, इंजिनची दुरुस्ती आणि माणसांवर. डँपर, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, एका रॅलीत हजारो दणके खातात आणि ठरावीक किलोमीटर झाले की उघडून सील-तेल बदलावंच लागतं. मातीच्या फेरीला एक सेटिंग, डांबराला दुसरं, स्वीडनच्या बर्फाला तिसरं. त्यात चाचणीचे दिवस, ट्रक, तंबू, विमानभाडं. गाडीची किंमत एकदाच मोजायची असते, तिला चालतं ठेवायचा खर्च दर किलोमीटरला लागतो. खर्च कमी करायच्या चर्चेत हा दुसरा भाग नेहमी मागे पडतो.

हायब्रिड का आणलं आणि का काढलं?

'भविष्याशी नातं' दाखवायला आणलं. २०२२ ते २०२४ प्रत्येक रॅली१ गाडीत १०० किलोवॉटची मोटर आणि ३.९ किलोवॉट-तासांची बॅटरी होती. दोन्ही मिळून ताकद ५०० अश्वशक्तीच्या वर, वजन किमान १२६० किलो.

अडचण कुठे आली? ते युनिट सीलबंद आणि सगळ्यांना एकाच पुरवठादाराचं. संघाच्या मेकॅनिकने ते उघडायचं नाही. गाडीवर सुरक्षेचा दिवा असायचा. हिरवा असेल तरच हात लावायचा, लाल झाला तर लांब उभं राहायचं. म्हणजे रेडिएटर फुटल्यावर टेप आणि तार घेऊन गाडी सर्व्हिसपर्यंत, म्हणजे मेकॅनिकांच्या तळापर्यंत, आणणारे वाकबगार चालक-नॅव्हिगेटर एका दिव्यापुढे हात बांधून उभे. आपटल्यावर तपासणीला युनिट परत पाठवायचा खर्च वेगळा. इतकं करून टीव्हीवर काय दिसायचं? काहीच नाही. बॅटरीचा झटका प्रेक्षकाला ना ऐकू येत होता ना दिसत होता.

२०२५ पासून ते गेलं. किमान वजन ११८० किलोवर आलं आणि टर्बोपुढचा रिस्ट्रिक्टर ३६ वरून ३५ मिलिमीटर झाला. एक मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटतं, पण इंजिनची सगळी हवा त्या भोकातून जाते आणि भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं. हिशोब केला तर हवा साडेपाच टक्के कमी.

ग्रुप बी परत आणला तर गर्दी परत येईल ना?

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. उत्तर नाही.

ग्रुप बी हा १९८२ ते १९८६ मधला रॅली गाड्यांचा वर्ग. फक्त २०० गाड्या बांधल्या की परवानगी, ताकदीवर लगाम नाही. लान्चिया डेल्टा एस४ चं वजन ९०० किलोच्या आत, इंजिनवर टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही, आणि इंधनाच्या टाक्या आसनांखाली. १९८६ साली पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षक दगावले. २ मे रोजी कोर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि नॅव्हिगेटर सेर्जिओ क्रेस्तो यांची एस४ दरीत कोसळून पेटली आणि दोघेही गेले. वर्षअखेर तो वर्ग बंद झाला.

आठवणीतला ग्रुप बी म्हणजे दोन मिनिटांच्या चित्रफिती: ज्वाळा, आवाज, गाडीसमोरून ऐनवेळी बाजूला होणारी माणसं. यातली शेवटची गोष्ट नको असेल तर उरलेली गंमत आजच्या गाड्यांत आहे, आणि आजच्या गाड्या त्यांच्याहून वेगवानही आहेत.

मग ग्रुप ए? दुकानात मिळणारी गाडीच रॅलीत पळायची, तो काळ?

या मागणीत मात्र दम आहे. १९८७ पासून नियम असा होता की आधी हजारोंच्या संख्येने (सुरुवातीला ५०००, नंतर २५००) गाडी बांधायची, मग तीच पळवायची. लान्चियाने १९८७ ते १९९२ सलग सहा विजेतेपदं घेतली. सुबारूची इम्प्रेझा आणि मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन लोकांच्या तोंडी बसल्या त्या याच नियमामुळे. १९९७ च्या 'वर्ल्ड रॅली कार' नियमाने ही अट सैल झाली. साध्या गाडीला टर्बो आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा बाहेरून बसवता येऊ लागली. त्याने कंपन्या वाढल्या, हे खरं. पण रस्त्यावरच्या गाडीशी असलेला धागा तिथेच सुटला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पुण्याच्या रस्त्यावर दिसणाऱ्या आय२० एन लाइनमध्ये ९९८ सीसीचं, १२० पीएसचं इंजिन आहे आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. रॅली१ च्या आय२० एनशी तिचं नातं नाव, दिवे आणि चेहऱ्यापुरतं. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी शोरूममध्ये बघायला जावं, तर तिथे तिची लांबची चुलत बहीण उभी असते.

ग्रुप ए जसाच्या तसा परत येणं अवघड आहे. आजचे प्रदूषणाचे आणि अपघातसुरक्षेचे नियम पाळून २५०० खास गाड्या बांधायचा खर्च रॅलीच्या खर्चाहून मोठा होईल.

गुणपद्धत दरवर्षी का बदलते?

रविवार वाचवायला. शनिवारी आघाडी मोठी झाली की रविवारी सगळे टायर जपत चालतात, म्हणून २०२४ मध्ये शनिवारच्या क्रमवारीला १८-१५-१३ असे गुण, फक्त रविवारच्या वेळांना ७ पासून खाली, आणि शेवटच्या स्टेजला, म्हणजे पॉवर स्टेजला, ५ पासून खाली, अशी विभागणी झाली. त्याचं हसं लगेच दुसऱ्याच फेरीत झालं. स्वीडनमध्ये एसापेक्का लाप्पी रॅली जिंकला आणि त्याला मिळाले १९ गुण. दुसऱ्या आलेल्या एल्फिन इव्हान्सला त्याहून जास्त. विजेत्याला कमी गुण का, हे नव्या प्रेक्षकाला समजावून सांगा पाहू.

२०२५ पासून सरळ हिशोब आहे: एकूण निकालाला २५-१७-१५-१२-१०-८-६-४-२-१, रविवारच्या पहिल्या पाचांना ५ ते १, पॉवर स्टेजला ५ ते १. म्हणजे एका फेरीतून जास्तीत जास्त ३५.

'रस्ता झाडणं' म्हणजे काय आणि त्यावर एवढा वाद का?

मातीच्या फेरीत पहिल्या दिवशी मालिकेत आघाडीवर असलेला चालक सर्वांत आधी सुटतो. रस्त्यावर सुटी खडी आणि वाळूचा थर असतो. पहिल्या गाडीची चाकं त्यावरून घसरतात आणि थर बाजूला लोटला जातो. मागून येणाऱ्याला खालचा टणक रस्ता मिळतो. इटलीतल्या सार्डिनियात हे सर्वांत जास्त जाणवतं, कारण वर भुसभुशीत वाळू आणि खाली खडक. दर किलोमीटरला अर्धा सेकंद गेला तरी १२० किलोमीटरच्या दिवसात एक मिनिट जातं. पुढच्या दोन दिवसांत क्रम उलटा होतो, त्या रॅलीत आघाडीवर असलेला मागून सुटतो, पण तोवर भरून काढायला फार उरलेलं असतं.

पाऊस पडला की गणित फिरतं. पहिल्याला त्यातल्या त्यात घट्ट जमीन मिळते, मागच्यांना चिखल आणि खोल चाकोऱ्या. एकाच स्टेजवरून दुसऱ्यांदा जातानाही या चाकोऱ्यांमधून वर आलेले दगड टायर फाडतात.

आमचं मत: हा अन्याय खरा आहे, पण तो काढून टाकू नये. त्याच्यामुळेच सलग जिंकणाऱ्याला दर फेरीत ओझं वाहावं लागतं. इतक्या कमी गाड्यांत चुरस टिकवणारं हे एकमेव नैसर्गिक वंगण आहे.

रॅली आखूड आणि एकसुरी झाल्या का?

झाल्या. केनियातल्या जुन्या सफारी रॅलीत हजारो किलोमीटर उघड्या रस्त्यांवरून जायचं असे. आता बहुतेक फेऱ्यांत स्टेजचं अंतर साधारण ३०० ते ३५० किलोमीटर असतं आणि एकाच सर्व्हिस पार्कमधून निघून तिथेच परत यायचं. त्याच स्टेज सकाळी एकदा, दुपारी एकदा. याला पैशाचं आणि कॅमेऱ्यांचं कारण आहे: एक तळ, एक हेलिकॉप्टर, एक ट्रकांचा ताफा.

तोटा असा की सहनशक्तीची कसोटी गेली. गाडी दिवसातून दोन-तीनदा मेकॅनिकच्या हाती येते. वाटेत मात्र फक्त चालक आणि नॅव्हिगेटर, तेही गाडीतच नेलेल्या हत्यारांनी आणि सुट्या भागांनी, दुरुस्ती करू शकतात. मधल्या सर्व्हिसशिवायचे दिवस वाढवले तर खर्चही घटेल आणि नाट्यही परतेल. आयोजक हे अधूनमधून करतात, चवीपुरतं.

२०२७ च्या नियमांत नेमकं काय आहे?

२०२६ हा सध्याच्या रॅली१ गाड्यांचा शेवटचा हंगाम. पुढच्या नियमांचा गाभा:

- गाडीची किंमत ३,४५,००० युरोच्या आत, म्हणजे साडेतीन कोटी रुपयांच्या घरात. आजच्या निम्म्याहून कमी.
- नळ्यांचा सुरक्षित पिंजरा, वर कुठलंही योग्य मापाचं कवच. हॅचबॅकच हवी असा आग्रह नाही.
- इंजिन रॅली२ च्या जातीचं, सुमारे ३०० अश्वशक्ती. ब्रेक, गीअरबॉक्स यांसारखे भागही रॅली२ कडून.
- मोठ्या कार कंपनीखेरीज स्वतंत्र बांधणी करणाऱ्या कार्यशाळांनाही गाडी उतरवायची मुभा.

रॅली२ म्हणजे खालची पायरी: १.६ टर्बो, ३२ मिलिमीटर रिस्ट्रिक्टर, किमान १२३० किलो. स्कोडा, टोयोटा, ह्युंदाई, सित्रोएन, फोर्ड सगळे ती गाडी कुणालाही विकतात. लान्चियासुद्धा इप्सिलॉन घेऊन याच वर्गातून परतली आहे. वर सामसूम आणि खाली जत्रा, असं चित्र आहे. म्हणून वरचा मजला खालच्या मजल्याजवळ आणायचा, हा या नियमांचा विचार आहे.

हे चालेल का?

किमतीपुरतं चालेल. तीन ठिकाणी फसू शकतं.

एक, गाडी स्वस्त झाली तरी श्रीमंत संघ वाचलेला पैसा चाचण्यांत आणि माणसांत ओततो. किंमत कागदावर बांधता येते, चाचणीचे दिवस आणि चमूतली डोकी मोजून बांधली नाहीत तर तफावत तशीच राहील. दोन, ३०० अश्वशक्तीची नवी गाडी आणि मुरलेली रॅली२ यांच्यात फरक इतका थोडा राहील की खासगी संघ विचारतील, नवी घेऊ कशाला? हा तोटा आहे की फायदा, यावर चाहत्यांत उभी फूट आहे. आम्ही फायदा म्हणू. पंचवीस गाड्या दहा सेकंदांत येणार असतील तर शंभर अश्वशक्ती कमी झाल्याचं दुःख आठवड्याभरात विरेल. तीन, हे सगळं दाखवणार कुठे? स्टेजवरचं थेट प्रसारण २०१८ पासून पैसे भरून मिळतं. ते आधीच वेड लागलेल्यांसाठी उत्तम, पण नव्याला वेड लावायला निरुपयोगी.

इलेक्ट्रिक रॅली?

सध्या नाही. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर स्टेज आणि वर दोन-तीनशे किलोमीटर जोडरस्ता, तोही जंगलात, चार्जर नसलेल्या भागात. बॅटरी मोठी केली तर वजन वाढतं, मग ब्रेक, टायर, सस्पेन्शन सगळंच वाढतं. रॅलीक्रॉसने, म्हणजे आखूड बंदिस्त ट्रॅकवर गाड्या एकत्र सोडणाऱ्या शर्यतींच्या मालिकेने, २०२२ मध्ये वरचा वर्ग इलेक्ट्रिक केला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या लिडन हिल इथे पॅडॉकमधल्या (संघांच्या तळावरच्या) आगीत एका संघाच्या दोन गाड्या खाक झाल्या आणि मालिकेची गाडी रुळावरून घसरली.

भारताचा यात संबंध किती?

वाटतो त्याहून जास्त, हवा त्याहून कमी. केनियात वाढलेले जोगिंदर सिंग यांनी सफारी १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा जिंकली. दिल्लीचा गौरव गिल आशिया-पॅसिफिक मालिकेचा तीन वेळा विजेता आहे. २०२२ चा युरोपीय विजेता एफ्रेन यारेना चेन्नईच्या एमआरएफ टायरवर जिंकला. पुण्याचे संजय टकले २०२५ च्या डकार क्लासिकमध्ये, जुन्या गाड्यांच्या वाळवंटी रॅलीत, उतरले. राष्ट्रीय मालिका १९८८ पासून आहे आणि नाशिकने तिच्या फेऱ्या पाहिल्या आहेत.

आपला अडसर रस्ता बंद करण्याचा आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानातल्या राष्ट्रीय फेरीत स्टेजवर आलेल्या मोटारसायकलला गाडी धडकून तिघांचा जीव गेला. प्रत्येक पाऊलवाट, शेताचा बांध, वस्तीचा फाटा यावर माणूस उभा करणं हे आयोजनातलं सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत कमी दिसणारं काम आहे.

एखादी फेरी प्रत्यक्ष बघायची तर?

मुंबईहून सोयीची म्हणजे केनियाची सफारी. नैरोबीला थेट विमान, तिथून फेरीचा तळ असलेलं नैवाशा सुमारे ९० किलोमीटर. फेरी आता मार्चमध्ये, पावसाच्या तोंडावर असते. इ-परवाना आधी ऑनलाइन काढा. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि प्रमाणपत्र जपून ठेवा, नाहीतर परत येताना विमानतळावर अडवतील. तोंडाला बांधायला पंचा न्या. तिथला फेशफेश म्हणजे आपला फुफाटाच, पण गुडघाभर.

उभं राहताना: वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही नाही. रस्त्यापेक्षा उंचावर, पट्टीच्या मागे, पाठीमागे पळायला जागा ठेवून. खाली बसू नका, उठायला वेळ लागतो. गाडी उलटली तर धावत जाऊन ढकलण्याआधी मागून येणारी गाडी तीन मिनिटांवर आहे हे लक्षात घ्या. लाल त्रिकोण किमान ५० मीटर अलीकडे लागला का, ते आधी बघा.

घरून बघायचं तर फिनलंड आणि केनिया आपल्या अडीच तास मागे, जानेवारीतलं माँटे कार्लो साडेचार तास मागे, जपान साडेतीन तास पुढे.

स्वतः सुरुवात कुठून करावी?

टीएसडी म्हणजे वेळ-वेग-अंतर प्रकारापासून. रस्ता उघडा, वेग कायद्यातला, गाडी घरचीच. आयोजक ट्युलिप नावाची चौकातल्या खुणांची वही देतात आणि सरासरी वेग नेमून देतात. छुप्या चौक्यांवर तुम्ही किती सेकंद लवकर किंवा उशिरा आलात ते मोजलं जातं. बऱ्याच ठिकाणी लवकर येण्याचा दंड उशिराहून मोठा असतो.

चार आकडे पाठ करा: ताशी ३० ला एका किलोमीटरला १२० सेकंद, ३६ ला १००, ४० ला ९०, ४५ ला ८०.

नवख्यांचा घात मीटर करतो. आयोजकांनी मोजून दिलेल्या पट्ट्यावर त्यांचं अंतर १२.४० आणि तुमचं मीटर १२.६५ दाखवत असेल, तर गुणक ०.९८० निघतो. तो न लावता निघालात तर वहीतल्या ५० किलोमीटरला तुमचं मीटर ५१ दाखवेल. तुम्ही खुशाल वेग धरून चालला आहात असं समजत राहाल आणि ४० च्या सरासरीला चौकीवर दीड मिनिट उशिरा पोचाल. टायरमधली हवा मीटर जुळवताना होती तेवढीच ठेवा. कमी झाली की गुणक पुन्हा बदलतो.